तोंडात साखर पडो

उपेर्नाविकला जूनमध्ये रात्र होत नाही,
त्यामुळे इनूतेकचा वाढदिवस
सकाळी कधीतरी सुरू झाला तो संपेचना.
दाराशी बुटांचा ढीग.
काफेमिक म्हणजे सगळ्या गावाने यावं,
कॉफी प्यावी, केक खावा, उठावं,
खुर्ची पुढच्याला द्यावी.
मी मोजले, अकरा केक.
कडेला सुकवलेला हॅलिबट, देवमाशाची कातडी,
आणि त्या कडेलाच बसलेला
सात वर्षांचा उत्सवमूर्ती,
अकरांतल्या एकालाही हात न लावणारा.

मी पोटाचे नमुने न्यायला आलेली बाई,
बर्फाच्या देशात बर्फपेटी घेऊन.
त्याच्या डोक्यावर हात ठेवला
आणि सवयीने पुटपुटले,
तुझ्या तोंडात साखर पडो.
त्याच्या आईने, आर्नायाराकने, अर्थ विचारला.
सांगितला.
ती आधी हसली. मग साखरेचं भांडं
तिने मुलापासून उचलून
माझ्यापुढे ठेवलं.

साखरेचा रेणू म्हणजे
हात घट्ट धरून आलेले दोघे.
असे जोडीने ते आतड्याच्या भिंतीतून आत जात नाहीत.
उंबऱ्यावर एक कात्री बसलेली असते,
दोघांमध्ये पाण्याचा एक रेणू सारते
आणि कच्च.
एक इकडे, एक तिकडे, दोघेही रक्तात.
चहाच्या एका घोटाला किती वेळा हे होतं
ते मोजायला आकडे आहेत, मला पाठ नाहीत.

इनूतेकच्या उंबऱ्यावर कात्री नाही.
बापाकडून मोडकी आली, आईकडूनही मोडकीच.
कित्येक पिढ्या या किनाऱ्याने सील दिला, मासा दिला,
ऊस नाही दिला.
न लागणारं हत्यार हरवलं
तेव्हा कुणी शोधायलाही गेलं नाही.
मग जहाजातून पोती उतरली.

"माझं दूध पचलं की याला," आर्नायाराक म्हणाली,
"ते काय आळणी होतं?"
नव्हतं.
ती साखर वेगळी, तिची कात्री वेगळी,
ती आहे त्याच्याकडे.
तिने मान हलवली,
काहीतरी आपण दिलेलं कामी आलं,
एवढं तिला पुरलं असावं.

दुपारी (घड्याळातली दुपार)
तो बुटांच्या ढिगामागे सापडला.
ओठावर साय, हात पोटावर,
गुडघे छातीशी.
न कापलेली साखर खाली उतरते,
तिथे राहणारे सूक्ष्म जीव तिच्यावर तुटून पडतात,
पोट नगाऱ्यासारखं होतं.
त्यांचाही वाढदिवसच म्हणायचा.
तो रडत होता, आवाज न करता.
आणि मला, काय सांगू, त्याचा गाल पुसताना
त्या पाण्यातली दुसरी कात्री आठवली.
प्रत्येक आसवात असते ती.
डोळ्यात शिरलेल्या जंतूच्या अंगावर
साखरेच्या विणीचं चिलखत असतं,
त्याचे टाके उसवत जाते.
इनूतेकची ती कात्री
चांगली धारदार असणार.
हे त्याला सांगून काय उपयोग होता?
गरम पाण्याची पिशवी आणली.

संध्याकाळी शेजारची बिबियाने आली,
डेन्मार्कहून आलेली बरणी घेऊन.
मध. हे चालेल का, म्हणाली.
चालेल. मधातली बहुतेक साखर
माशीने आधीच कापून ठेवलेली असते,
तोंडात घेऊन, परत काढून,
दुसरीच्या तोंडात देऊन.
मामाने, पीताराकने, हे त्यांच्या भाषेत सांगितलं
तसा पोरगा उठूनच बसला.
"थुंकी?"
थुंकी.
आमच्याकडे याला उष्टं म्हणतात,
आणि देवाला उष्टं दाखवत नाहीत,
पण मध दाखवतात.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्याने एक चमचा खाल्ला. मग बोटच घातलं.
मग चिकट तोंडाने माझ्याकडे बघून
एक शब्द म्हणाला,
सगळं घर खो खो हसलं, बिबियाने तर भिंतीला टेकली,
आणि कितीही विचारलं तरी
कुणी मला त्याचा अर्थ सांगेना.